करवंटीतल्या मेणबत्त्या

दहिसर (पूर्व)
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार करते. गुडघ्याला तेल चोळतेस की केतनने आणलेली बाटली अजून फळीवरच आहे, ते आधी कळव. माझं बरं चाललंय. मध्ये साखर वाढली होती, ती आता खाली आली. भात कमी केला, बाकी काही सोडलेलं नाही.

फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, म्हणशील. अक्का, तुला ऐकू कमी येतं म्हणून केतन माझा फोन स्पीकरवर टाकतो आणि मग आपल्या दोघींचं बोलणं कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनाही कळतं. परवा मी साखरेचं बोलले तर मागून कुणीतरी कारल्याचा रस सुचवला. हे पत्र तू चष्मा लावून एकटीने वाच.

माझे उद्योग विचारशील तर जोरात आहेत. साकीनाक्याचं आमचं कपड्यांचं युनिट भिवंडीला गेलं तेव्हा तू म्हणाली होतीस, आता घरी बसून काय करशील? अगं, बसायला मिळतंय कुठे! बिल्डिंगच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी आम्ही बायका जमतो. घरातली टाकाऊ वस्तू प्रत्येकीने आणायची आणि तिची कुणाला देण्यासारखी भेट करायची, एवढाच नियम. विरलेल्या साडीच्या काठाचे बटवे होतात. जॅमच्या बाटलीला जुन्या ब्लाउजपीसची टोपी घातली आणि वर शर्टाचं बटण लावलं की आत बडीशेप छान राहते. तुपाच्या डब्याला भोकं पाडून कंदील केला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या मानसीने तो सासूला दिला आणि सासू पहिल्यांदा तिला चांगलं बोलली. प्रियंका कांजूरहून येताना ऑनलाइन आलेल्या सामानाचे खोके घेऊन येते. त्यांच्याकडे वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास येतो, खिडक्या लावून बसावं लागतं. म्हणते, आई, आपल्या घरातून त्या डोंगरावर जितकं कमी जाईल तितकं बरं. सून शहाणी मिळाली मला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना वाण माझ्याच हातचं होतं. काठाचे बटवे, आत तिळाची वडी. बायका खूश. मी खोका टेबलावर ठेवला आणि वर आले. सुबोध गेले, कुंकू गेलं, तेव्हापासून तसंच करते, त्यात नवीन काही नाही. मला घरी काम होतं.

आता माझं तुझ्याकडे एक मागणं आहे. एप्रिलच्या शेवटी एक लग्न आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक भेट द्यायची, ती घरच्या वस्तूंतून करायची आणि ती मी करायची, असं ठरलंय. त्यासाठी मला करवंट्या हव्यात. तू खोबरं काढून त्या चुलीत घालतेस, त्यातल्या थोड्या ठेव. डोळे असलेला अर्धा नको, त्यातून मेण गळतं. खालचा वाटीसारखा अर्धा हवा. मी त्या काचकागदाने घासून, खोबरेल लावून, काळ्या शिसवी लाकडासारख्या चमकवते आणि आत मेणबत्ती ओतते. मेण फुकट मिळतं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर साळवे म्हणून राहतात, बसवर कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. ते त्यांच्या विहारातून जळून उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे पिशवी भरून आणतात. ते वितळवायचे, गाळायचे, नवी वात घालायची. साळवे वाती फार सरळ धरतात.

लग्न कुणाचं ते पुढच्या पत्रात सांगते. घरातलंच आहे.

सौरभ मजेत आहे. कामात असतो. हल्ली फोन प्रियंकाच करते.

तुझी,
सुगंधा

*

दहिसर
२३ मार्च २०२५

प्रिय अक्का,

पोतं पोचलं. केतनच्या मित्राने टेम्पोतून थेट बिल्डिंगखाली आणून दिलं. तोंड सोडलं आणि अख्ख्या जिन्यात आपल्या घराचा वास पसरला, ओल्या नारळाचा आणि धुराचा. सगळ्या करवंट्या खालच्या अर्ध्याच निवडून पाठवल्यास. मागितलं होतं तेवढंच नेमकं, शिवाय वर कोकमं.

सोबतची चिठ्ठी वाचून एकटीच हसले. ‘चुलीत घालूची करटां तुका कित्याक व्हयी गो? आणि लगीन कोणाचा ता आधी सांग.’ शिमग्याच्या गडबडीतही तू विचारायचं विसरली नाहीस. निधीचं तर नाही ना, असंही लिहिलंस. अगं, सौरभची निधी अजून तिसरीत आहे.

तर सांगते. लग्न माझं आहे.

वाक्य लिहून उठले, पाणी प्यायले आणि परत बसले. तूही पाणी पी.

साळव्यांशी करते आहे, शिवदास साळवे. ते जालन्याकडचे, बौद्ध. ही गोष्ट मी शेवटच्या ओळीत घुसडून टाकणार नाही. आपल्याकडे ती कशी घेतली जाईल ते मला माहीत आहे. पाणी कोणाच्या घरी प्यायचं आणि कोणाच्या घरी ‘आत्ताच प्यायले’ म्हणायचं, हे आपण दोघी एकाच घरात शिकलो. मी ते विसरून बरीच वर्षं झाली. साकीनाक्याला आम्ही डबे उघडायचो तेव्हा कोणाची चटणी कोणाच्या भाकरीवर जायची ते देवालाच ठाऊक. तू विसरावंस म्हणून आज हट्ट करत नाही. पण तुझ्यापासून लपवणारही नाही.

हे कसं झालं, ते ऐक. मागच्या पावसाळ्यात ते आमच्या रविवारच्या हॉलच्या दाराशी आले, हातात मेणबत्त्यांच्या तुकड्यांची पिशवी. म्हणाले, ‘विहारात साफसफाई केली. टाकवत नाही. याचं काही होतं का बघा.’ मी म्हटलं, होतं, पण वितळवायला माणूस लागतो, माझ्या पोरींना घाई असते. तर बसलेच. पुढच्या रविवारी स्वतःची पातेली घेऊन आले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. फार बोलत नाहीत, पण बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. बसमधल्या गमती सांगतात तेव्हा बायका शिवण सोडून हसतात.

दिवाळीनंतर एकदा आम्ही दोघं डबे कापत होतो. मी पत्रा धरलेला, ते कातरी चालवत होते. मान वर न करता म्हणाले, “सुगंधाताई, तुम्हाला ताई म्हणणं मला आता जड जातंय.”

मी म्हटलं, “मग नका म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“ते तुम्ही ठरवा. पण पत्रा नीट कापा, माझं बोट आहे तिथे.”

बस, एवढंच झालं. मग महिनाभर त्यांनी मला कोणत्याच नावाने हाक मारली नाही. ‘जरा इकडे बघता का’, ‘जरा ते देता का’, असं चाललं होतं. शेवटी मीच विचारलं, लग्न करायचं म्हणता का? तर त्यांच्या हातातलं मेण सांडलं. फरशीवरचा तो डाग अजून निघालेला नाही.

सौरभला मी घरी बोलावून सांगितलं. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. तो उठला आणि घरभर फिरला. कोपऱ्यात माझ्या साड्यांचा ढीग होता, बटव्यांसाठी कापलेल्या. त्यातली मोरपंखी त्याने ओळखली. त्याच्या मुंजीत नेसले होते ती.

“बाबांनी आणलेली साडी आहे ही,” म्हणाला. “ती कापून तू स्वतःच्या लग्नाच्या पिशव्या शिवतेस?”

“बाबांचे शर्ट तुझ्या कपाटात आहेत,” मी म्हटलं. “त्यांना मी हात लावला नाही, लावणार नाही. साड्या माझ्या आहेत, सौरभ. नेसले मी, धुतल्या मी, विरल्यावर कापतेय पण मीच.”

“लोक काय बोलतील, विचार केलास?”

“केला. तू काय बोलशील त्याचा जास्त केला.”

तो पायऱ्या उतरून गेला. प्रियंका मागे थांबली. तिने ढिगातून एक तुकडा उचलला, बघितला आणि म्हणाली, “आई, याला नाडी कोणत्या रंगाची लावायची?” अक्का, त्या पोरीला मी त्या क्षणी मिठी मारायला हवी होती, पण डोळे भरून आले म्हणून मी नाड्यांचा डबा शोधत बसले. सौरभ लग्नाला येणार नाही म्हणतो. मी ‘ये’ म्हणून सांगितलंय. दुसऱ्यांदा विनवणार नाही. तो माझा मुलगा आहे. हट्ट कुणाकडून घेतला, ते तू जाणतेस.

आता आपल्या दोघींचं बोलते, कारण आतापर्यंत सगळं लिहिलं, एवढंच टाळलं.

दाजी गेले तेव्हा तू प्रियंकापेक्षाही लहान होतीस. केतन कडेवर होता. तू भात लावलास, माडाला खत घातलंस, सासूचं केलंस, पोराला वाढवलंस आणि गावात कुणाची मान वर करून बोलायची हिंमत नव्हती. सगळे म्हणायचे, बघा, कशी राहिली. मीही अभिमानाने सांगायचे, माझी अक्का. तुला आणखी काही हवं होतं का, हे विचारायची आपल्यात रीतच नव्हती. तुझं ते राहणं मोठं आहे. माझं लग्न त्याला खोटं पाडण्यासाठी नाही, अक्का. तू तुझ्या परीने जगलीस, मी माझ्या परीने जगते आहे. सकाळी चहा एका माणसाचा करायचा मला कंटाळा आला, हे कारण लहान वाटेल. माझ्यासाठी ते मोठं आहे.

तुझ्या करवंट्यांचं काय करू, ते कळव. लग्न कुणाचं ते न सांगता मागवल्या, म्हणून विचारते. तुला नको असेल तर सगळ्या पुन्हा पोत्यात भरून पाठवते, रागावणार नाही. आमच्या भेटी जुन्या कपांतूनही होतील. पण हो म्हणालीस तर त्यांच्यात विहाराचं मेण पडेल, हे उघड सांगते.

सत्तावीस एप्रिल, रविवार. नोंदणी त्याआधी शुक्रवारी होईल, रविवारी विहाराच्या सभागृहात वंदना आणि जेवण. तुला आमंत्रण आहे. तू आलीस तर माझ्या आनंदाला पारावार राहणार नाही. नाही आलीस तरी लग्न होईल.

तुझी,
सुगंधा

*

दहिसर
४ मे २०२५

प्रिय अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. करवंट्या परत पाठव, असंही आलं नाही. वाट बघितली आणि मग एका रविवारी घासायला बसले. साळवे म्हणाले, विचारल्याशिवाय? मी म्हटलं, माझ्या बहिणीला नाही म्हणायचं असतं तर केतनचा फोन त्याच दिवशी आला असता.

तुला वाटलं असेल, मी तुला पाहिलं नाही. अगं, मी समोर उभी होते! वंदना सुरू व्हायची होती आणि दारात तुझं हिरवं लुगडं दिसलं. माझे हात जोडलेले होते, ते सोडता येईनात. तू शेवटच्या रांगेत, पंख्याखाली जाऊन बसलीस. सगळा वेळ माझ्याकडे बघत होतीस. मी बघितलं की मात्र छताकडे बघायचीस.

आणि तुझ्या मागोमाग, तुझी पिशवी खांद्याला लावून, सौरभ आत आला.

हे कसं घडलं ते मला प्रियंकाने नंतर सांगितलं. तू सौरभला आदल्या दिवशी फोन केलास म्हणे. ‘उद्या सकाळी गाडयेन येतंय, माका बोरिवलीक न्हेवक ये.’ तो बिचारा आला. रिक्षात बसल्यावर म्हणाला, मावशी, कांजूरला घरी चल, मी काही तिकडे जाणार नाही. तर तू काय म्हणालीस? ‘मी तिच्यावांगडा बोलूचंय नाय. पण आवशीच्या लग्नाक झील नाय इलो तर लोकां काय म्हणतली?’

अक्का, हे ऐकून मी इतकी हसले की साळवे घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आले. लोक काय बोलतील म्हणून सौरभ आईच्या लग्नाला येत नव्हता आणि मुलगा आला नाही तर लोक काय म्हणतील म्हणूनच तू त्याला घेऊन आलीस.

दारात भेटी वाटायला प्रियंका उभी होती. निधीला भूक लागली म्हणून ती गेली आणि खोका सौरभच्या हातात आला. त्याने नाही म्हटलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला एक करवंटी, एक बटवा, असं देत राहिला. साळव्यांचे जालन्याचे नातेवाईक त्याला विचारत होते, हे कुणी केलं हो? पहिल्यांदा तो ‘घरी केलंय’ म्हणाला. नंतर ‘आईने’ म्हणायला लागला. मी लांबून ऐकत होते. त्याने मला नमस्कार केला तो जेवणं झाल्यावर, निघताना. म्हणाला, “मला अजून पटलेलं नाही, आई.” मी म्हटलं, “चालेल. रविवारी जेवायला या.” काल येऊन गेला, रविवारची वाटही न बघता. साळव्यांशी क्रिकेटवर वाद घातला. साळवे हरले, मला वाटतं मुद्दाम.

आता तुझं. मी वंदनेत होते तरी तुझ्यावरच लक्ष होतं. सगळ्यांनी आपापल्या मेणबत्त्या लावल्या. तू तुझी करवंटी उलटी केलीस, नखाने खरवडलीस आणि वास घेतलास. आपल्या माडाची आहे का बघत होतीस ना? मग शेजारच्या बाईने काडी पुढे केली आणि तू वात तिच्यापुढे धरलीस. ती शेजारची बाई म्हणजे सुंदराबाई, साळव्यांची मोठी बहीण. तुला माहीत नसेल. तुम्ही दोघी गुडघ्यांवर बराच वेळ बोललात. जेवायच्या पंगतीला तिच्या बाजूला बसलीस. तिने तुझ्या ताटात तिच्या हाताने ठेचा वाढला आणि तू तो खाल्लास. दोनदा घेतलास. मी मोजत नव्हते, पण दिसलं.

मग मी साडी सावरून तुझ्याकडे यायला निघाले तोवर तू पायऱ्या उतरली होतीस. मी मागे धावले नाही. धावले असते तर तुला थांबावं लागलं असतं, आणि तुला थांबायचं नव्हतं.

संध्याकाळी सुंदराबाई मला म्हणाल्या, “ती हिरव्या लुगड्याची बाई लई गोड. म्हणत होती, नवरी लहानपणापासून हट्टी हाये, कुणाचं ऐकत न्हाई. पण हात चांगलाय म्हणली पोरीचा.”

मी म्हटलं, “ती माझी मोठी बहीण.”

“अगं मग तुझ्याशी बोलली का न्हाई?”

“बोलली असती तर रडली असती,” मी म्हटलं. “आणि ती चारचौघात रडत नाही.”

सुंदराबाईंनी दोरीवरचे कपडे काढले. मग म्हणाल्या, “मीबी अशीच हाय. शिवदासानं सांगितलं तवा मीबी महिनाभर फोन उचलला न्हाई त्याचा.” आणि पदराने डोळे पुसून कपडे घडी करायला लागल्या. त्यांनाही तुझ्यासारखंच लवकर वैधव्य आलं. तुम्ही दोघी त्याबद्दल बोललात की नुसतं गुडघ्यांबद्दल, ते मी विचारलं नाही. ते तुमचं तुमच्याजवळ राहू दे.

पत्ता बदलला नाही, मजला तेवढा बदलला. मी दुसऱ्या मजल्यावर आले. माझी खोली रविवारच्या बायकांना दिली, हॉलमध्ये जागा पुरत नव्हती. आता तिथे सगळा पसारा असतो, खोके, बाटल्या, चिंध्या, आणि कुणी आवरायला सांगत नाही. गणपतीसाठी आत्ताच कंदिलांचं विचारणं आलंय. सकाळचा चहा साळवे करतात. आलं जास्त घालतात. सांगितलं तर अजून जास्त घालतात. नाव मी बदललेलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. हाक मारतात आता. नुसतं सुगंधा म्हणतात.

येत्या शनिवारी आम्ही दोघं गावाला येतो आहोत. गाडीची तिकिटं काढली आहेत. हॉटेल-लॉज काही बघितलेलं नाही. आणखी कुणाकडे उतरायचा विचारही नाही. केतनला अजून सांगितलेलं नाही, पहिल्यांदा तुलाच कळवते आहे. तू बोललीस तर बोलू, नाही बोललीस तर मी तुझ्या गुडघ्याला तेल चोळीन आणि ते विहिरीवरून पाणी काढतील. पण दुपारी आत, चुलीजवळ, तुझ्या हातचं जेवायला बसणार आहोत. अंगणात नाही. हे मी विचारत नाही, अक्का, कळवते आहे.

तांदूळ दोघांचे जास्त घे.

तुझीच हट्टी,
सुगंधा